घरसंसार करणाऱ्या भिक्खूंचा धर्म : काठमांडूच्या खोऱ्यातलं नेवार बौद्ध जीवन

नेपाळमध्ये, काठमांडूला लागून असलेल्या पाटण शहरातल्या हिरण्यवर्ण महाविहारात मुख्य गाभाऱ्यात जाण्याचा मान एका लहान मुलाला असतो. वय बहुधा बाराच्या आत. पहाटे अंधार असतानाच तो उठतो, शाक्यमुनींच्या मूर्तीचं तोंड धुतो, देवापुढे पितळी आरसा धरतो आणि तोंड धुतल्याचं पाणी दारात जमलेल्यांच्या अंगावर शिंपडतो. बाहेर चौकात बायाबापड्या दिवे लावतात, पुरुषमंडळी मांडी घालून ‘नामसंगीती’ हे संस्कृत स्तोत्र म्हणतात, फरशीवरून कासवं सावकाश फिरत असतात. चामड्याची वस्तू घेऊन आत यायला मनाई. मुलाची सेवा महिनाभर चालते. मग तो घरी जातो, शाळा सुरू होते.

हा मुलगा भिक्खू आहे का? काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या परंपरेचं उत्तर ‘हो’ असं आहे. दुकानात दागिने घडवणारे त्याचे वडील? तेही. त्यांचं लग्न झालंय, मुलंबाळं आहेत, तरी विहाराच्या संघाचे ते रीतसर सदस्य आहेत. आजोबा तर संघातल्या ज्येष्ठांपैकी एक असू शकतात.

आपल्याकडे बौद्ध धर्म म्हटला की एक तर चीवर घातलेले ब्रह्मचारी भिक्खू डोळ्यांसमोर येतात, नाही तर नागपूरची दीक्षाभूमी. या दोन्ही चित्रांत नेवारांचा धर्म बसत नाही. म्हणून पाहणारे पुष्कळ जण ‘हा तर हिंदूंचाच प्रकार’ असं म्हणून मोकळे होतात. मला हा निकाल उतावळेपणाचा वाटतो. भारतात नालंदा-विक्रमशिलेबरोबर जो संस्कृत बौद्ध धर्म लयाला गेला, तो एका खोऱ्यात आजही घरोघरी चालू आहे. तो कसा टिकला आणि टिकण्यासाठी त्याने काय किंमत मोजली, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी माणसं कोण ते पाहू. नेपाळच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 81 टक्के लोक हिंदू आणि 8 टक्क्यांच्या आसपास बौद्ध नोंदले गेले. या बौद्धांत तामांग, शेर्पा, गुरुंग असे डोंगराळ भागातले समाज मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्याकडे तिबेटी वळणाचे लामा असतात. नेवार वेगळे. काठमांडू, पाटण म्हणजेच ललितपूर आणि भक्तपूर ही तीन जुनी शहरं वसवणारा हा खोऱ्यातला मूळचा समाज. त्यांची नेपाल भाषा तिबेटी-बर्मी कुळातली, पण पूजेची भाषा संस्कृत. नेवारांत हिंदूही आहेत आणि बौद्धही. जुना भेद आहे शिवमार्गी आणि बुद्धमार्गी असा. कोण कुठल्या मार्गाचा, हे तो कुठल्या देवळात जातो यावरून कळत नाही, कारण सगळे सगळीकडे जातात. घरच्या विधींना ब्राह्मण येतो की वज्राचार्य, यावरून ते ठरतं.

वज्राचार्य म्हणजे बौद्ध पुरोहित. त्यांच्या बरोबरीचे शाक्य. हे दोघे मिळून विहारांचा संघ होतो. यजमान म्हणजे तुलाधर, कंसकार, ताम्रकार यांच्यासारखे व्यापारी-कारागीर आणि महर्जन शेतकरी. यांच्यापैकी बऱ्याच तुलाधरांच्या पिढ्या ल्हासाला व्यापारासाठी जात. शाक्यांचा परंपरागत धंदा सोनारकामाचा आणि मूर्ती ओतण्याचा. मातीच्या साच्यातलं मेण वितळवून धातू ओतायची त्यांची कला आजही पाटणच्या ओकुबहाल भागात दिसते. तेराव्या शतकात याच खोऱ्यातला अर्निको नावाचा कारागीर कुबलाई खानाच्या दरबारी गेला आणि बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याने उभारला.

शाक्य हे आडनाव शिलालेखांतल्या ‘शाक्यभिक्षु’ या पदवीतून आलं. आणि ही पदवी आपल्याला अनोळखी नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर पाचव्या शतकातले दानलेख आहेत, ‘देयधर्मोऽयं शाक्यभिक्षोः’ अशा सुरुवातीचे. एखाद्या भिक्खूने बुद्धमूर्ती कोरवली, चित्र काढवलं, त्याची नोंद. अजिंठ्यात ही पदवी भिंतीवर राहिली. पाटणमध्ये ती मतदार यादीत आहे.

विहाराची रचनाही तीच. नेवार विहाराला बहाल म्हणतात. रस्त्यावरून एका ठेंगण्या दारातून वाकून आत जायचं. आत चौरस चौक, तिन्ही बाजूंना खोल्या, समोरच्या बाजूला बरोबर दारासमोर बुद्धाचा गाभारा. अजिंठ्याचं पहिलं किंवा सतरावं लेणं आठवा. तिथेही कडेने भिक्खूंच्या खोल्या आणि दारासमोरच्या भिंतीत बुद्ध. फरक इतकाच की तिथे डोंगर कोरलाय आणि इथे विटा-लाकडाचं बांधकाम आहे. अन् इथे त्या खोल्यांत भिक्खूंचे वंशज बायकामुलांसह राहतात, चौकात धान्य वाळत घालतात, पोरं चेंडू खेळतात.

ब्रह्मचारी संघाचा असा कौटुंबिक संघ कसा झाला? लोकांच्या बोलण्यात याचं खापर एकाच माणसावर फोडलं जातं. चौदाव्या शतकाच्या शेवटी जयस्थिती मल्ल या राजाने जातींची घडी बसवली आणि भिक्खूंना लग्नं करायला लावली, असं सांगतात. पण समाज असा एका हुकमाने बदलत नाही. विवाहित भिक्खू त्याच्याही आधीपासून होते आणि बदल कित्येक पिढ्या चालू होता. इसवी सन 1200 च्या आसपास बिहार-बंगालातली मोठी विद्यापीठं उद्ध्वस्त झाल्यावर तर खोऱ्याचा मूळ झराच आटला. नवे आचार्य, नवे ग्रंथ, नवे शिष्य दक्षिणेकडून येणं थांबलं. ज्या संघाला बाहेरून माणसं मिळत नाहीत तो एक तर मरतो, नाही तर आपल्याच पोटी वारस जन्माला घालतो. नेवारांचा संघ दुसऱ्या वाटेने गेला.

या वाटेचा सांधा म्हणजे ‘बरे छुयेगु’ हा चार दिवसांचा विधी. शाक्य किंवा वज्राचार्य घरातला मुलगा वडिलांच्या बहालात नेतात. न्हावी डोकं भादरतो आणि केस जमिनीवर पडू नयेत म्हणून आत्या ते थाळीत झेलते. मुलाला चीवर, भिक्षापात्र आणि दंड मिळतो, शील दिलं जातं. चार दिवस तो खराखुरा भिक्खू. घरोघरी, नातेवाइकांकडे भिक्षा मागतो आणि आई-मावश्या आपल्याच पोराला वाकून तांदूळ वाढतात. चौथ्या दिवशी तो गुरूंपुढे येतो आणि सांगतो की हे कडक व्रत मला पेलणारं नाही. गुरू त्याचं चीवर उतरवून घेतात आणि म्हणतात, श्रावकांचा मार्ग तू पाहिलास, आता गृहस्थ होऊन महायानाचा, बोधिसत्त्वाचा मार्ग चाल.

या शेवटच्या पायरीत सगळा युक्तिवाद आहे. बाहेरच्याला वाटतं की मुलाने भिक्खुपण सोडलं. परंपरा म्हणते, तो एक पायरी वर चढला. महायानात विमलकीर्तीसारखा गृहस्थही बोधिसत्त्व असू शकतो आणि संसारात राहून इतरांचं दुःख हलकं करणं हे एकट्याच्या मुक्तीपेक्षा मोठं. म्हणून चीवर उतरवूनही तो संघाबाहेर जात नाही. आयुष्यभर सदस्य राहतो, आणि वज्राचार्य घरातला असेल तर पुढे आचार्यदीक्षा घेऊन दुसऱ्यांच्या घरी पौरोहित्य करण्याचा अधिकारही मिळवतो. शाक्याला तो अधिकार नाही.

आधी भिक्खू, मग गृहस्थ बोधिसत्त्व, मग तांत्रिक दीक्षा घेतलेला आचार्य, असे एका माणसाच्या आयुष्यातले हे तीन थर बहालाच्या इमारतीतही दिसतात. तळमजल्यावरचा शाक्यमुनींचा गाभारा दर्शनासाठी सगळ्यांना उघडा. चौकातला चैत्य, म्हणजे छोटा स्तूप, तोही सगळ्यांचा, त्याला प्रदक्षिणा घालायची, दिवा लावायचा. वरच्या मजल्यावर मात्र ‘आगम’ नावाची बंद खोली असते. तिथे चक्रसंवर आणि वज्रवाराहीसारख्या तांत्रिक देवता, आणि दीक्षा घेतलेल्यांनाच प्रवेश. त्या खोलीत काय चालतं हे बायकोने दीक्षा घेतली नसेल तर तिलाही सांगायचं नाही. श्रावकयान, महायान, वज्रयान हे शब्द आपण पुस्तकात एकामागून एक आलेले संप्रदाय म्हणून वाचतो. इथे ते एकाच घरात एकावर एक नांदतात.

देवाची सेवा पाळीने होते. पाळी ठरते ती दीक्षेच्या ज्येष्ठतेवरून; वय, पैसा, शिक्षण यांचा संबंध नाही. लहान बहालात पाळी लवकर फिरून येते. हिरण्यवर्ण महाविहारासारख्या मोठ्या ठिकाणी सदस्यच इतके की ती आयुष्यात एकदा यायची. खर्चासाठी गुठी असते, म्हणजे जमिनीच्या उत्पन्नावर चालणारी सामाईक व्यवस्था. कुठली जत्रा, कुठलं वाद्यपथक, कुठल्या सणाचं जेवण, अगदी मयताची व्यवस्थासुद्धा कुठल्या ना कुठल्या गुठीकडे असते. माझ्या मते नेवार बौद्ध धर्म तगला तो तत्त्वज्ञानापेक्षा या गुठ्यांमुळे. 2019 मध्ये सरकारने गुठ्यांच्या कारभारात बदल करणारं विधेयक आणलं तेव्हा काठमांडूचे रस्ते माणसांनी भरून गेले आणि सरकारला ते मागे घ्यावं लागलं.

पूजेला बसलेल्या वज्राचार्यांचा संकल्प मराठी माणसाने जरूर ऐकावा. वैवस्वत मन्वंतर, कलियुग, जंबुद्वीप अशी ओळखीची नावं येतात, पण त्यांच्या अलीकडेच शाक्यसिंह तथागताचं बुद्धक्षेत्र आणि भद्रकल्प येतो. देशकाळाचा सांगाडा सामाईक, त्याच्या मध्यभागी बुद्ध. नुसत्या कानाने ऐकणारा याला ‘हिंदू पूजा’ म्हणून टाकतो. शब्दाकडे लक्ष देणाऱ्याला कळतं की हा महायानाचा संकल्प आहे.

या संस्कृतप्रेमाचा जगावर मोठा उपकार आहे. भारतात नाहीशा झालेल्या महायान ग्रंथांच्या मूळ संस्कृत पोथ्या नेवार घरांत नकलून ठेवल्या जात होत्या. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश रेसिडेंट ब्रायन हॉजसन यांनी पाटणचे पंडित अमृतानंद यांच्या मदतीने त्या गोळा करून कोलकाता, लंडन, पॅरिसला पाठवल्या. पॅरिसमध्ये युजेन बर्नूफ यांनी त्यांच्यावरूनच 1844 मध्ये भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास लिहिला. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचं संस्कृत रूपही नेपाळी हस्तलिखितांमुळे आपल्याला मिळालं, तेही निम्मंच. उरलेली कथा अमृतानंदांना अपुरी ठेववेना, तेव्हा त्यांनी स्वतः श्लोक रचून शेवट जोडला. एका परंपरेचा वारस आपल्या पूर्वजाचं अर्धं काव्य पुरं करतो, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा महिना गुंला. नेपाळ संवत ही कालगणना इसवी सन 879 मध्ये सुरू झाली आणि तिचं नवं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला लागतं. महिने अमावास्येला संपतात, आपल्यासारखेच. त्यामुळे दहावा महिना गुंला हा दिवसान् दिवस आपला श्रावण आहे. बुद्धकाळापासूनच्या वर्षावासाची, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाची, ही आठवण. महिनाभर पहाटे लोक अनवाणी स्वयंभू स्तूपाच्या टेकडीवर जातात. पुढे ‘धा’ नावाचा ढोल आणि झांजा वाजवणारं गुंला बाजनचं पथक. घरी काळ्या मातीचे छोटे चैत्य साच्यातून पाडायचे. बहालातल्या एरवी बंद असलेल्या मूर्ती आणि जुने पट दर्शनाला मांडायचे. याच महिन्यात पंचदान येतं. दारात टोपल्या मांडून यजमान घरांतल्या बाया शाक्य-वज्राचार्यांना धान, तांदूळ, डाळ, मीठ वाढतात. भिक्षा घ्यायला आलेला माणूस एरवी बँकेत नोकरी करत असेल, पण त्या दिवशी तो भिक्खू आहे. पाटणमध्ये मतया असते, तेव्हा वर्षभरात घरातलं माणूस गेलेले लोक रांगेने शहरातल्या एकूण एक चैत्यापुढे दिवा लावत जातात. सकाळी निघालेली रांग रात्री संपते.

स्वयंभूची कथा सगळ्या पोरांना पाठ असते. खोऱ्यात पूर्वी तळं होतं, त्यात कमळावर स्वयंभू ज्योत होती, मंजुश्री बोधिसत्त्वाने तलवारीने चोभारचा डोंगर कापून पाणी सोडलं. खोऱ्यात एके काळी तळं होतं हे भूगर्भशास्त्रही सांगतं. स्तूपाशेजारी हारितीचं देऊळ आहे. मुलांना देवीच्या रोगापासून वाचवणारी म्हणून आया तिला पोरं दाखवायला आणतात. ही हारिती अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात नवरा पांचिक याच्यासोबत बसलेली आहे. तिथे आपण तिला शिल्प म्हणून बघतो. स्वयंभूला तिच्यापुढे अंडी, सुपाऱ्या आणि रडणारी तान्ही बाळं असतात.

मराठी माणसाला सगळ्यात जवळचा वाटेल तो पाटणचा मच्छिंद्रनाथ. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही ज्ञानदेवांची गुरुपरंपरा आपल्याला ठाऊक आहे. पाटणमध्ये हाच मच्छिंद्र लाल रंगाच्या मूर्तीत आहे आणि बौद्धांसाठी तो करुणामय, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व पद्मपाणी लोकेश्वर. शेतकरी त्याला नुसता ‘बुंगा द्यः’, म्हणजे जवळच्या बुंगमती गावचा देव, म्हणतात. गोष्ट अशी की गोरखनाथ पाऊस पाडणाऱ्या नागांवर आसन मांडून बसले आणि बारा वर्षं दुष्काळ पडला. तेव्हा राजा नरेंद्रदेव, आचार्य बंधुदत्त आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपला जाऊन मच्छिंद्रांना घेऊन आले. गुरू आले म्हणताच गोरक्ष उठले, नाग सुटले, पाऊस आला.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर रथ निघतो. बऱ्हाही सुतार लाकडाचं काम करतात आणि यंवाल लोक वेताने तो बांधतात. सुमारे साठ फूट उंचीचा हा डोलारा पाटणच्या अरुंद गल्ल्यांतून डुलत जातो तेव्हा गच्चीवरची माणसं श्वास रोखून बघतात. एका टप्प्यावर दोर फक्त बायका ओढतात. शेवटी जावलाखेलला रत्नजडित बंडी चारी दिशांना दाखवतात आणि जत्रा संपते. देव वर्षाचा काही काळ पाटणमध्ये आणि काही काळ बुंगमतीला राहतो. दर बारा वर्षांनी मात्र रथ थेट बुंगमतीहूनच ओढत आणतात. 2015 हे तसंच वर्ष होतं. 25 एप्रिलला भूकंप झाला तेव्हा ती जत्रा चालू होती, आणि बुंगमतीचं देऊळ त्यात कोसळलं. थांबलेली जत्रा लोकांनी पुढे पुरी केली. पुढची मोठी जत्रा 2027 ला यायची आहे.

कुमारीबद्दल, म्हणजे जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या लहान मुलीबद्दल, बहुतेकांनी ऐकलेलं असतं. काठमांडूची मुख्य, राजाची मानली जाणारी कुमारी शाक्य घरातून निवडतात. हिंदूंची तलेजू भवानी आणि बौद्धांची वज्रदेवी या दोघींना लोक एकाच मुलीत पाहतात, आणि वयात येताच तिचं देवीपण संपतं. तिच्या बालहक्कांचा प्रश्न नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि 2008 मध्ये न्यायालयाने तिच्या शिक्षणाचा व इतर हक्कांचा आग्रह धरला. आता तिला शिक्षक घरी येऊन शिकवतात. मला हे पुरेसं वाटत नाही, पण दार किलकिलं झालंय.

आता किमतीकडे. संघ वंशपरंपरेचा झाला की प्रवेशही जन्माचाच होतो. महर्जन शेतकऱ्याचा मुलगा कितीही श्रद्धाळू असो, बहालाच्या संघात त्याला बरे छुयेगु मिळणार नाही. आई वेगळ्या जातीची असेल तर शाक्याच्या मुलालाही अडवलं जात आलंय. मुलींना ही दीक्षाच नाही. त्यांच्यासाठी बेलफळाशी लागणारं ‘इही’ नावाचं लग्न आणि सूर्यदर्शन बंद करून बारा दिवस खोलीत ठेवण्याचा विधी. खालच्या मानलेल्या जातींच्या घरी वज्राचार्य पौरोहित्याला जात नसत. बुद्धाच्या नावाने जातीची उतरंड, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला टोचणार, आणि टोचायलाच हवी.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर महिन्याभराने ते काठमांडूत होते. जागतिक बौद्ध परिषदेत 20 नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केलं. त्यांच्या अखेरच्या मोठ्या भाषणांपैकी ते एक. 6 डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. नागपूरचा आणि बहालाचा रस्ता किती वेगळा आहे, ते त्या एका महिन्यात दिसतं. नागपुरात जन्माने मिळालेलं नाकारून माणूस बौद्ध झाला. बहालात माणूस जन्माने मिळालेलं सांभाळून बौद्ध राहिला.

नेवारांतही हा प्रश्न आतूनच उठला. विसाव्या शतकात काही तरुण कुशीनगर, सारनाथ, ब्रह्मदेश, श्रीलंकेकडे वळले आणि थेरवादी, म्हणजे तिकडच्या पाली परंपरेचं, चीवर घालून परत आले. ते नेपाल भाषेत सोपं प्रवचन करत, जात विचारत नसत, बायकांनाही सामावून घेत. तेव्हा नेपाळवर सत्ता गाजवणाऱ्या राणा घराण्याच्या राजवटीला ते खुपलं. 1944 मध्ये आठ भिक्खूंना देशाबाहेर घालवण्यात आलं. त्यांनी सारनाथला धर्मोदय सभा स्थापन केली, आणि 1946 मध्ये श्रीलंकेच्या नारद महाथेरांच्या शिष्टाईनंतर परतीची वाट मोकळी झाली. पुढे धम्मवती गुरुमांसारख्या स्त्रिया उभ्या राहिल्या. तरुणपणी घर सोडून त्या ब्रह्मदेशात शिकल्या आणि 1965 मध्ये काठमांडूत त्यांनी धर्मकीर्ती विहार सुरू केला.

थेरवाद आल्याने बहाल ओस पडले नाहीत. एकाच घरातली आजी सकाळी स्वयंभूला दिवा लावते, सुट्टीच्या शनिवारी विहारात जाऊन पाली परित्राण पाठ ऐकते आणि नातवाच्या बरे छुयेगुला आप्तांना जेवायला बोलावते. तिला यात विसंगती वाटत नाही. अडचण आहे ती वेगळीच. संस्कृत विधी तोंडपाठ असणारे वज्राचार्य कमी होतायत, कारण पौरोहित्यावर घर चालत नाही आणि मुलं ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला जातायत. परदेशातून मुलाला चार दिवसांच्या दीक्षेसाठी आणणारे आईबाप आहेत. पण पाळी आली की महिनाभर गाभाऱ्याची सेवा करायला कोण येणार, आणि आंतरजातीय लग्नांतल्या मुलांना संघात घ्यायचं की नाही, यावर बहालांच्या बैठकांत वडीलधारे आणि तरुण आज समोरासमोर बसून वाद घालतायत. माझं मत विचाराल तर त्या मुलांना घ्यावं. चार दिवस चीवर घालून, आत्याच्या थाळीत केस देऊन जो पोर संघात यायला तयार आहे, त्याच्या आईची जात विचारण्याचं कारण बुद्धाच्या वचनात सापडत नाही.